ड्रायव्हरची संध्याकाळ



या व्याख्यानाचा विषय कळवायला मी व्याख्यानमालेच्या कार्यवाहांना फोन केला आणि सांगितलं, ‘लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरची फुरसत.’ पलीकडून काही आवाजच येईना. मग ते म्हणाले, ‘फुरसत? तुम्हाला अपघात म्हणायचंय का?’ कार्यवाह समोरच बसलेत आणि हसतायत. त्यांना कशाला दोष द्या? ट्रक ड्रायव्हर म्हटलं की आपल्या सगळ्यांना अपघातच आठवतो. दारू आठवते. वयाने मोठे असाल तर एड्सची ती सरकारी पोस्टरं आठवतात. ड्रायव्हर आपल्या बोलण्यात येतो तो कुणाच्या तरी जिवाला धोका म्हणून. तो संध्याकाळी काय करतो, त्याला पत्ते आवडतात की भजन, त्याला सुटीचा वार तरी आहे का, हे आपण कधी कुणाला विचारलंय?

ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी कराडात रात्रशाळा चालवली. त्यांचे विद्यार्थी आज इथे आहेत, तेच मघाशी मला सांगत होते, की मास्तर आधी पोरांना कामावरून कधी सुटता ते विचारायचे आणि मग शाळेची वेळ ठरवायचे. मास्तरांच्या या सवयीत माझं अर्धं व्याख्यान आलं.

ज्यांना लवकर जायचंय त्यांच्या सोयीसाठी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ड्रायव्हरला विश्रांती द्या, नाहीतर अपघात होतील, असं सगळे सांगतात. खरंच आहे ते. पण समजा, उद्या असं यंत्र निघालं की ड्रायव्हरने चोवीस तास गाडी हाकली तरी अपघात होणार नाही. मग त्याची फुरसत काढून घ्यायची का? मी म्हणतो, नाही. फुरसत त्याला हवी ती त्याच्यासाठी. रस्त्यावरच्या बाकीच्यांचं भलं होईल ते होईल.

ही मागणी काही मी आज काढलेली नाही. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारदरबारी धाडला. काय मागितलं होतं त्यात? दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं, सूर्यास्ताला संपावं. पगार पंधरा तारखेच्या आत व्हावा. सहा वर्षं भांडल्यावर १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळाली. आपण रविवारी आरामात उठून मटणाच्या दुकानापुढे रांग लावतो, त्यामागे हे भांडण आहे. आणि रविवारच का? तर तो खंडोबाचा वार, असं लोखंडे सांगत, असं म्हणतात. मला या कारणाचं फार मोल वाटतं. सूत किती जास्त निघेल, मालकाचा फायदा किती होईल, याचा त्यात हिशेबच नाही. माणसाला देवाला जायचंय, विषय संपला.

आणि त्या मोकळ्या वेळाचं गिरणी कामगाराने काय केलं? गिरणगावात तालमी उभ्या राहिल्या, भजनी मंडळं उभी राहिली, कामगार रंगभूमी उभी राहिली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये निघालं, ते ऐकायला माणसं जमायची कुठून? पाळी सुटून आलेलीच ना? आपल्या राज्यात १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आलं, कामगारांच्या नाट्यस्पर्धा आल्या. आता नाटक बसवायचं म्हणजे महिनाभर रोज संध्याकाळी तालमीला हजर राहायला हवं. गिरणीचा भोंगा वाजला की हे जमत होतं. ट्रकलाही कानठळ्या बसवणारा हॉर्न आहे, पण तो दुसऱ्याला बाजूला हो म्हणतो. ड्रायव्हरला ‘चल, सुटलास’ असं तो कधीच म्हणत नाही.

कायदा नाही का? आहे की. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ साली झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला परवानगी घेऊन दहा तास, पण आठवड्याला चोपन्नच्या वर नाही. पाच तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती, आणि आठवड्याला एक सुटी. वाचताना बरं वाटतं. मात्र हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. आणि आपल्याकडे ट्रक कुणाचे असतात? कुणाचा एक, कुणाचे दोन. दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, दोन किन्नर म्हणजे क्लीनर, झाले चार. कायदा उंबऱ्यावरूनच परत गेला. १९८८ चा मोटार वाहन कायदा म्हणतो, ड्रायव्हरचे तास त्या १९६१ च्या कायद्याप्रमाणेच धरा. पण मोजणार कोण? आरटीओ वजन तपासतो, कागद तपासतो, लायसन बघतो. ‘बाबा, तू शेवटचा कधी झोपलास’ असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. २०२० साली संसदेने कामगार संहिता केल्या, जुना कायदा त्यात घेतला, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. बघू या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इथे माझा थोडा गोंधळ उडाला होता, तो तुमचाही उडेल. ड्रायव्हरांमध्ये बसायला लागलो तेव्हा मला दिसलं की यांच्याकडे रिकामा वेळ भरपूर आहे. प्राध्यापकाला मिळत नाही एवढा आहे! गाडी भरायला थांबा, खाली करायला थांबा, परतीच्या भाड्यासाठी ट्रान्सपोर्टनगरात दोन-दोन दिवस थांबा, शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी म्हणून वेशीबाहेर थांबा. मग तक्रार कसली?

एका औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्याच्या गेटबाहेर मी दिवसभर बसलो. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही, बहुतेक ठिकाणी तेच आहे. रस्त्याच्या कडेला गाड्यांची शेपटाला शेपूट लागलेली रांग. ट्रेलरच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, चादरीची झोळी बांधून एकजण झोपलेला. दुसरा बाजूच्या आरशात बघून दाढी करतोय. ताडपत्रीच्या दोरीवर बनियन वाळतायत. पलीकडे पाचसहा जणांचा पत्त्यांचा डाव रंगलाय. लांबून बघणारा म्हणेल, काय मजेत आहेत लेकाचे!

जवळ जाऊन बसलो तेव्हा कळलं. डाव होता तीनपत्तीचा. मी विचारलं, मेंढीकोट का नाही खेळत? आमच्या बाजूला तर मेंढीकोटच चालतो. एकजण म्हणाला, ‘मेंढीकोटाला चार माणसं शेवटपर्यंत बसायला लागत्यात. हितं कुनाचा नंबर कवा पुकारतील, सांगता येतंय व्हय?’ तीनपत्तीत एक उठला तरी डाव चालतो. मग मी बाकीचेही बघायला लागलो. मोबाइलवर कुणी सिनेमा बघत नव्हतं, सगळे रील बघत होते. अर्ध्या मिनिटाची करमणूक, कधीही टाकून उठता येईल अशी. झोळीतला माणूस झोपला होता, पण मोबाइल छातीवर, आवाज फुल्ल. शंभर पावलांवर चहाची टपरी, तिथेही आळीपाळीने जायचं, कारण वॉचमन नंबर पुकारतो तो आपल्या मर्जीने, आणि तेव्हा ड्रायव्हर दिसला नाही तर गाडी रांगेच्या शेवटी.

माण तालुक्यातले एक वयस्कर ड्रायव्हर होते, सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांना मी म्हणालो, ‘तात्या, वेळ तर बक्कळ आहे की तुमच्याकडं.’ तात्या म्हणाले, ‘टाइम हाय की सायेब. पर त्यो संपायचा कवा, त्ये कुनी सांगत न्हाई. दोन तास हायेत म्हनला असता तर गाडीखाली बेस झोपलो असतो. सहा तास म्हनला असता तर हितनं आठ किलोमीटरवर भनीचं गाव हाय, जाऊन आलो असतो.’

प्रत्यक्षात अकरा तास गेले. तात्या गेटवरच होते. बहीण आठ किलोमीटरवर होती.

म्हणून मी म्हणतो, फुरसतीला नुसता वेळ पुरत नाही, त्या वेळाचा शेवट आधी कळावा लागतो. तुम्ही आज इथे आलात ते सहा वाजता मोकळे होणार हे सकाळीच ठाऊक होतं म्हणून. शेवट ठाऊक नसलेला वेळ कितीही लांब असला तरी तो ड्युटीचाच वेळ, फक्त त्याचे पैसे मिळत नाहीत. ड्रायव्हरला पैसे मिळतात ते फेरीचे, भत्ता मिळतो तो खेपेचा. गेटवरचे अकरा तास कुणाच्याच वहीत लिहिले जात नाहीत. काही ठिकाणी गाडी अडकून पडल्याचं ‘हाल्टिंग’ मिळतं. पण ते गाडीचं असतं आणि मालकाला जातं. त्यातला वाटा ड्रायव्हरला देणारे मालक आहेत, नाही असं नाही, पण हाताच्या बोटांवर मोजावे लागतील.

याच्या उलटी गोष्ट सांगतो, ती तुमच्याच शेजारची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. गाड्यांच्या रांगा तुम्ही बघितल्यात. गावोगावच्या लोकांनी अडकलेल्या ड्रायव्हरांना जेवणं पोचवली, तुमच्यातलेही काही जण गेले असतील. त्या रांगेत असलेला एक ड्रायव्हर मला म्हणाला, ‘पहिले दोन दिवस जीव खालीवर झाला. तिसऱ्या दिवशी कळलं, पानी काय आता लौकर उतरत न्हाई. मग आम्ही मेंढीकोट मांडला.’ पुरामध्ये माणसांची घरं गेली, त्यात मजा शोधण्याचा निलाजरेपणा मी करणार नाही. पण या माणसाला मनासारखा डाव मांडायला महापूर यावा लागला, ही गोष्ट मला सोडत नाही.

आता तुम्ही म्हणाल, काळ बदललाय, रस्ते सुधारलेत. सुधारलेत ना. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्यांच्या सीमेवरचे करवसुलीचे नाके गेले. मुंबईच्या वेशीवर दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी, मानखुर्द इथे जकातीसाठी लागणाऱ्या रांगा जुन्या ड्रायव्हरांना विचारा. रात्र जायची तिथे. त्याही गेल्या. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, टोलनाक्यावरचा वेळ वाचला. फार चांगलं झालं, ते नाके काही ड्रायव्हरांच्या सुखासाठी नव्हते. पण मला एवढंच विचारायचंय, की हा वाचलेला वेळ कुणाच्या खात्यात जमा झाला? ड्रायव्हर एक दिवस लवकर घरी जायला लागला का? नाही. महिन्याला एक फेरी वाढली.

मालाची मुदत बघा. मालाबरोबर ई-वे बिल नावाचा सरकारी कागद असतो. साध्या मालाला आधी शंभर किलोमीटरला एक दिवस मिळायचा, १ जानेवारी २०२१ पासून दोनशे किलोमीटरला एक दिवस झाला. कराडहून दिल्ली धरा साधारण सोळाशे किलोमीटर. म्हणजे सरकारी कागद आजही आठ दिवस देतो. कोणता व्यापारी आठ दिवस देतो? चौथ्या दिवशी फोन सुरू. म्हणजे इथे सरकारला शिव्या देऊन भागत नाही. आणि फोन तरी कशाला, आता गाडीला जीपीएस आहे. मालक घरी बसून मोबाइलवर ठिपका बघतो. ठिपका थांबला की फोन, ‘काय झालं रे?’ पूर्वी ड्रायव्हर झाडाखाली तासभर पडला तर ते त्याचं आणि झाडाचं. आता पडायचं असेल तर पंक्चर तरी सांगावं लागतं. माझ्या ओळखीचा एक मालक हसत हसत म्हणतो, ‘माझ्या गाडीला नाशिक-धुळ्याच्या मध्ये दर फेरीला पंक्चर होतं, तिथं एक चांगला धाबा आहे.’ त्याला कळतं आणि तो गप्प बसतो. शहाणा माणूस!

याच रस्त्यावर दुसरा एक ड्रायव्हर असतो, त्याच्याकडे बघा. एसटीचा. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली एसटी धावली तेव्हापासून तो आहे. तीच वळणं, तोच खंबाटकी घाट. पण त्याला ड्युटीचा तक्ता असतो. मुक्कामी गाडी घेऊन तो डोंगरातल्या गावात जातो, देवळात टेकतो, कुणीतरी भाकरी देतं, भजनाला बसतो, कारण गाडी सकाळी सहाला निघणार हे त्यालाही माहीत आणि गावालाही माहीत. एसटी कामगारांची दुःखं कमी नाहीत. २०२१-२२ चा संप काही हौस म्हणून झाला नव्हता. पण एसटीचा ड्रायव्हर सणाला नसला तरी कोणत्या दिवशी येणार ते घरी सांगू शकतो. ट्रक ड्रायव्हरची बायको शेजारणीला सांगते, ‘गाडी खाली झाली की येतील.’ म्हणजे कधी? ते गाडीला माहीत.

हा झाला वेळेचा मुद्दा, आणि तोच मोठा आहे. दुसरा जागेचा.

समजा, मिळाला त्याला वेळ. बसायचं कुठे? केबिनमध्ये? मे महिन्यात विदर्भात उभ्या गाडीच्या केबिनमध्ये दुपारी अर्धा तास बसून बघा. वरून पत्रा तापलेला, खालून इंजिन तापलेलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. याचं मी मनापासून स्वागत करतो, नितीन गडकरी यांनी हा विषय बरीच वर्षं लावून धरला होता. पण यात एक मेख आहे. हा एसी इंजिनावर चालतो. चालत्या गाडीत थंड, आणि माणूस झोपायला गाडी बंद करतो तेव्हा पुन्हा भट्टी. इंजिन चालू ठेवून झोपायचं तर डिझेल जळतं, आणि डिझेलचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे सोय झाली ती कामाच्या वेळेची. विश्रांतीची गैरसोय होती तशीच आहे.

केबिन सोडून लांब जावं, तर डिझेल चोरीला जातं, स्टेपनी जाते, ताडपत्री फाडून माल जातो, आणि ते नुकसान बहुधा ड्रायव्हरच्या पगारातून वळतं होतं. पूर्वी किन्नर असायचा. उस्ताद झोपला तर किन्नर जागा. आता परवडत नाही म्हणून किन्नर गेला. राष्ट्रीय परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असावेत अशी अट नियमांत होती, ती २०१८ मध्ये काढून टाकली. अर्थात अट होती तेव्हा दुसरा ड्रायव्हर पुष्कळदा कागदावरच असायचा, हेही सांगायला हवं. पण आज एकटा माणूस पन्नास टनांची गाडी ओढतो, आणि संडासला जातानाही मागे वळून बघतो.

राहिला धाबा. धाब्यावर जेवलात की खाट तुमची, कितीही वेळ पडा, कुणी उठवत नाही. हौदावर अंघोळ करा, कपडे धुवा. इतकी उदार जागा मला दुसरी माहीत नाही, लायब्ररीतही डुलकी लागली तर शिपाई येऊन हलवतो. पण नवे द्रुतगती मार्ग बंदिस्त असतात, कुणी उठून कडेला धाबा टाकू शकत नाही. फूड मॉल असतात, तिथल्या चहाच्या किमतीत ड्रायव्हरचं अर्धं जेवण होतं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि ५ जून २०२५ ला पूर्ण झाला. रस्ता देखणा आहे. पण तो खुला झाला तेव्हा सिमेंट होतं, वेग होता, आणि टेकायला जागा जवळपास नव्हती. माणूस थांबेल, हे रस्ता आखणाऱ्यांच्या सगळ्यात शेवटी लक्षात येतं.

तेव्हा जे बरं होतंय तेही सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतीस्थळं बांधण्याचं जाहीर केलं. तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावाच्या खोल्या काढल्यात. खाटा आहेत, संडास आहेत, गाडी लावायला जागा आहे. आणि त्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्याने कुणी त्या सुचवल्या त्याला ड्रायव्हर कळलाय. अंघोळीला हौद, आणि स्वतःचा स्वयंपाक करायला जागा.

स्वयंपाकावर जरा थांबतो. धाबा समोर असताना हे लोक गाडीच्या सावलीत स्टोव्ह का पेटवतात? भत्त्यातले पैसे वाचतात, हे एक. पण मी बघितलंय, गेटवर कुणीतरी म्हणतो, ‘आज कोंबडी आणू या.’ एकाच्या पेटीतून कुकर निघतो, दुसऱ्याकडून मसाला, तिसरा कांदा कापायला बसतो. सोलापूरचा म्हणतो काळं तिखट टाक, बिहारचा म्हणतो सरसोचं तेल. भांडण होतं, रस्सा होतो. दिवसभरात ही एक गोष्ट अशी की जी त्यांनी स्वतः ठरवली, सुरू केली आणि शेवटाला नेली. मधेच नंबर पुकारला तरी कुणीतरी रस्सा राखून ठेवतो. माझ्या मते ड्रायव्हरची खरी फुरसत ती हीच. समोरच्या भगिनी हसतायत, त्यांचा मुद्दा मला पोचला: रोज चुलीपुढे उभं राहणारीला विचारा स्वयंपाक ही फुरसत आहे का! मान्य. हेच गृहस्थ घरी आल्यावर कांदा कापत नाहीत, आणि दीड दिवसात त्यांचं कपड्यांचं बोचकं धुता धुता बाईची कंबर मोडते. ड्रायव्हरच्या फुरसतीवर एक तरी व्याख्यान झालं, तिच्या फुरसतीवर कधी?

झारखंडचे राजेश रवानी यांचं नाव तुमच्यातल्या तरुणांना माहीत असेल. ट्रक चालवतात, गाडीत स्वयंपाक करतात, त्याचे व्हिडिओ टाकतात, लाखो लोक बघतात. मला त्यांचं कौतुक आहे. पण परवा गेटवर एक पोरगा रस्सा उकळत असताना दुसऱ्याला म्हणाला, ‘थांब, झाकण परत काढ, शॉट आला नाही.’ मला वाटलं, अरे, ही एक गोष्ट बिनहिशेबी होती, तीही धंद्याला लागली का? असो, त्याला चार पैसे मिळत असतील तर माझ्यासारख्या पगारी माणसाने नाक मुरडू नये.

तिसरा मुद्दा माणसांचा. तो थोडक्यात सांगतो, कारण तो तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. फुरसत एकट्याची असून चालत नाही, ती चारचौघांबरोबर जुळावी लागते. गावाची जत्रा चैत्रात असते. ड्रायव्हरला सुटी मिळते वैशाखात. गावात गेला तर पालखी कधीच वर गेलेली, मित्र कामाला लागलेले, पोरं शाळेत. मंगळवारी मिळालेला रविवार तो हा. म्हणून जुने मालक जत्रेच्या तारखा पाठ ठेवतात आणि त्या दिशेचं भाडं बघून देतात. दसऱ्याला मात्र सगळ्या गाड्या एकदम थांबतात. खंडेनवमीला गाडी धुवायची, झेंडूचे हार घालायचे, नारळ फोडायचा. पण त्या दिवशी सुटी असते ती गाडीला. ड्रायव्हर सकाळपासून बादल्या उपसत असतो!

बाहेरच्या देशांचं पटकन सांगतो. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की पंचेचाळीस मिनिटं थांबावंच लागतं, यंत्र नोंद ठेवतं. आठवड्याची मोठी सुटी पंचेचाळीस तासांची, आणि ती केबिनमध्ये काढायला बंदी आहे. चार आठवड्यांतून एकदा ड्रायव्हरला घरी परतता येईल असं काम मालकाने आखायचं, असा नियम २०२० मध्ये झाला. नियम फार उत्तम आहे. तरीही २०२३ मध्ये जर्मनीत ग्रेफेनहाउझेनच्या थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तान अशा लांबच्या देशांतल्या ड्रायव्हरांनी थकलेल्या पगारासाठी आठवडेच्या आठवडे गाड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. अमेरिकेत अकरा तासांच्या वर गाडी चालवता येत नाही, पण तास संपले तरी गाडी लावायला जागा सापडत नाही. २००९ साली एका ड्रायव्हरने रात्री ओसाड पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि तिथे चोराने त्याचा खून केला. त्याच्या नावाने २०१२ साली ‘जेसन्स लॉ’ झाला, पार्किंगच्या जागांसाठी. म्हणजे वेळ आणि जागा एकमेकांवाचून लुळ्या आहेत, हे त्यांनाही माणूस गेल्यावर कळलं.

जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ड्रायव्हरांनी दोन दिवस गाड्या थांबवल्या. अपघात करून पळून गेल्यास दहा वर्षांच्या शिक्षेची तरतूद नव्या कायद्यात होती, तिच्याविरुद्ध. मनमाडच्या डेपोवर टँकर उभे राहिले आणि पंपांवर आपल्या रांगा लागल्या. सरकारने चर्चेचं आश्वासन दिलं, ते कलम अजून लागू केलेलं नाही. शिक्षेच्या भीतीने ड्रायव्हर एकत्र आले, हे मला समजतं. पण लोखंड्यांसारखं, आम्हाला आठवड्याचा एक वार द्या, म्हणून ते कधी एकत्र येतील का? मला शंका आहे. सभेला जमायलाही आधी एक मोकळी संध्याकाळ लागते, तीच तर त्यांच्याकडे नाही. म्हणून हे काम थोडं तुमच्या-माझ्यावर येतं.

कायदे होतील, विश्रांतीस्थळं होतील. त्याला वर्षं लागतील. पण गेटवरचा वेळ कुणाच्या हातात आहे? या सभागृहात व्यापारी आहेत, एमआयडीसीतले कारखानदार आहेत, साखर कारखान्यांचे संचालक आहेत, गोदामांचे मालक आहेत. उद्या सकाळी तुमच्या स्वतःच्या गेटवर जा, ऑफिसमधून फोन करून विचारू नका. तिथे तीन गोष्टी बघा. बाहेर उभ्या असलेल्या ड्रायव्हरला तुमचा संडास वापरता येतो का? पाण्याचा नळ त्याला मोकळा आहे का? आणि त्याची गाडी किती वाजता आत घेणार, हे कुणी त्याला सांगितलंय का? सांगितलं नसेल तर वॉचमनच्या हातात खडू द्या आणि फळ्यावर गाडीचा नंबर आणि वेळ लिहायला लावा. वेळ चुकली तर खोडून नवी लिहा. याला एक पैसा लागत नाही. एवढं कराल तर त्यातला एखादा तात्या आठ किलोमीटर जाऊन बहिणीला भेटून येईल, आणि तुमचा मालही वेळेवर उतरेल.